गाभडलेली म्हैस, न हटणारा ताप आणि गावचा ओढा

पंचगंगेच्या काठावरचं, कोल्हापूर जिल्ह्याच्या करवीर तालुक्यातलं एक गाव. २०२२ च्या मे महिन्यात तिथल्या तिशीतल्या एका शेतकऱ्याला ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरांतून माणसात येणारा एक जंतुरोग, झाल्याचं निदान झालं. ताप फेब्रुवारीपासून होता. जानेवारी ते मार्च या काळात त्याच्या गोठ्यात दोन म्हशी गाभडल्या आणि दोन्ही गर्भ ओढ्यात गेले. या सगळ्याची नोंद गावातल्या तीन वेगवेगळ्या वह्यांत झाली होती, पण त्या वह्या शेजारी ठेवून कुणी पाहिल्या नाहीत.

हे कुण्या एकाच घराचं हुबेहूब चित्र नाही. या पट्ट्यातल्या गोठ्यांमधून दिसणाऱ्या गोष्टी एकत्र आणून हे घर बेतलं आहे. रोग, औषधं, लस आणि पुराबद्दल जे लिहिलं आहे ते मात्र जसं आहे तसंच.

माणूस, जनावर आणि परिसर यांचं आरोग्य एकत्र बघायचं, याला हल्ली ‘वन हेल्थ’ म्हणतात. अन्न व कृषी संघटना, जागतिक आरोग्य संघटना, जागतिक पशुआरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम या चौघांनी २०२२ मध्ये त्यासाठी एकत्र काम करण्याचा करार केला. त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरला राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली. हे चांगलंच आहे. पण करवीर तालुक्यातल्या गोठ्यात हा विचार उतरायचा तर दार कुठलं, हा प्रश्न उरतो. माझ्या मते ते दार दूध संस्थेचं आहे. का, ते पुढे येईल.

पुरानंतरचा गोठा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेचं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. २०२१ च्या जुलैत ते ५६ फुटांच्याही वर चढलं. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. पहिल्या पुराचा अनुभव गाठीशी असल्यामुळे दुसऱ्या वेळी लोकांनी जनावरं लवकर सोडवली. माळावर, शाळेच्या पटांगणात, रस्त्याच्या कडेला चार-पाच गावांची जनावरं एकत्र बांधली गेली. जीव वाचले, पण एकाच हौदावर सगळ्यांचं पाणी आणि एकाच चिखलात सगळ्यांचं शेण, असं काही दिवस चाललं.

या घराचा दीड एकर ऊस पाण्याखाली राहून कुजला. वैरण गेली. पूर्वी घरोघरी ज्वारीचा कडबा असायचा. आता नदीकाठचा पट्टा उसानं भरला आहे आणि कडबा बाहेरून विकत आणायचा. गळीत हंगामात उसाचं वाडं मिळतं, त्यावर म्हशी निभावतात. हंगामाबाहेर वैरणीची मारामार, आणि पुरानंतर तर विचारूच नका. घरानं चारपैकी दोन म्हशी विकल्या. दिवाळीला संस्थेकडून दूध फरकाचे पैसे आले. त्यात थोडी उचल घालून बाजारातून सहा महिन्यांची गाभण म्हैस आणली. कानात ओळखीचा बिल्ला नव्हता. कानाची पाळी फाटलेली होती, म्हणजे बिल्ला कधीतरी असावा. विकणाऱ्यानं दोन वेळा धार काढून दाखवली आणि व्यवहार झाला.

म्हशीचं महत्त्व इथे नीट सांगायला हवं. उसाचं पहिलं बिल चौदा दिवसांत द्यावं, असा कायदा १९६६ च्या आदेशापासून आहे. प्रत्यक्षात पैसे हप्त्यांत येतात आणि पुढच्या हंगामापर्यंत कधीच पुरत नाहीत. दुधाचं बिल मात्र दर दहा दिवसांनी येतं. किराणा, गॅस, पोरांची फी, गोळ्या-औषधं, सगळं त्या दहा दिवसांच्या बिलावर चालतं. १९६३ मध्ये जिल्हा दूध संघ उभा राहिल्यापासून कोल्हापूरच्या छोट्या शेतकऱ्याची चूल अशी दुधावर पेटते. अन्नसुरक्षेची चर्चा बहुधा धान्याच्या कोठारांपाशी सुरू होते. या घरात मात्र दहा दिवसांचं बिल थांबलं की तिसऱ्या आठवड्यात डाळ पातळ होते, आणि पोरांसाठी ठेवलेलं अर्धा लिटर दूधही कॅनमध्ये जातं.

जानेवारी ते मार्च

जानेवारीच्या मध्यावर, आठव्या महिन्यात, ती नवी म्हैस गाभडली. पहाटे घरातल्या थोरल्यानं, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या त्या शेतकऱ्यानं, पाहिलं तेव्हा रेडकू मेलेलं पडलं होतं. जार अडकली होती. म्हशीत जार बारा तासांच्या आत पडावी असं धरतात. इथे दुसरा दिवस उजाडला, वास सुटला. थोरल्यानं हाताला गोडेतेल लावलं आणि कोपरापर्यंत हात घालून जार ओढून काढली. गळीत हंगाम चालू होता. रोज वाडं बांधून-तोडून त्याच्या बोटांवर, मनगटावर उसाच्या पाल्याचे बारीक चरे उठलेले होते. ऊस करणाऱ्याच्या हाताला ते असतातच. तेवढी वाट या जंतूला पुरते.

मेलेलं रेडकू खताच्या रिकाम्या पोत्यात भरून ओढ्यात टाकलं. जारही तिकडेच गेली. दुसऱ्या दिवशी कुत्र्यांनी पोतं फाडून काठावर ओढून आणलं, हे गावातल्या बऱ्याच जणांनी पाहिलं. थोरला म्हणाला तेही खोटं नव्हतं: “पुरायचं कुठं? दोन हात खांदलं की पाणी लागतंय. आन् रिकामी जागा हाय कुठं, सगळा ऊस.”

म्हशीला ताप होता म्हणून गावात इंजेक्शन देत फिरणाऱ्या एकाला बोलावलं. त्यानं तीन दिवस प्रतिजैविकाची सुई दिली. त्या दिवसांतलं दूध वेगळं काढून फेकायला हवं होतं. ते कॅनमध्ये गेलं. फॅट लागली, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) लागला, पावती निघाली. या एका मुद्द्यावर वेगळा लेख होईल, इथे थांबत नाही.

मार्चमध्ये घरची जुनी म्हैस सातव्या महिन्यात गाभडली. आजीनं जोतिबाला नारळ बोलला. सुनेला वाटलं, पाण्यात काहीतरी असावं. शेजाऱ्यानं नव्या वैरणीवर खापर फोडलं. एकाच गोठ्यात आठ आठवड्यांत दोन, तेही शेवटच्या तिमाहीत, हे ऐकल्यावर कुठल्याही पशुवैद्याच्या डोक्यात पहिलं नाव ब्रुसेलाचं यायला हवं. गाभडलेल्या जनावराचा गर्भ, जार आणि पुढचे काही आठवडे होणारा स्राव यांत हा जंतू प्रचंड संख्येनं असतो. दुसरं जनावर ते हुंगतं, चाटतं, त्यावर पडलेली वैरण खातं आणि लागण होते. कोरड्या उन्हात हा जंतू लवकर मरतो. ओल्या, थंड, सावलीच्या जागी, शेणात आणि चिखलात तो कित्येक आठवडे, कधी महिनेही तग धरतो. पुरानंतरच्या नदीकाठच्या गोठ्यात कोरडं ऊन आणायचं कुठून?

माणसाचा ताप

थोरल्याचा ताप फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाला. सकाळी बरं, दुपारी ऊस भरायला जायचा, संध्याकाळी अंग कसकसायचं, रात्री घामानं अंथरूण भिजायचं. कंबर धरली होती. गावातल्या डॉक्टरांनी विडाल तपासणी केली, ती थोडी वर होती, टायफॉईड धरला. आपल्याकडे विडाल थोडी वर असणं म्हणजे फारसं काही नाही, पण उपचार त्यावरच होतात. पंधरा दिवसांनी दुसरीकडे दाखवलं. तिथे आठवडाभर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक मिळालं आणि ताप उतरला.

गोम इथेच होती. ब्रुसेलोसिसवर डॉक्सिसायक्लिन चालतं, पण एकटं आणि आठवडाभर दिलं तर जंतू दबतो, मरत नाही. पेशींच्या आत लपून राहायची त्याची खोडच आहे. ताप उतरला म्हणून थोरला पुन्हा कामाला लागला. जुनी म्हैस गाभडली तेव्हा तिचीही जार त्यानंच काढली. एप्रिलमध्ये ताप परतला, उजवा गुडघा सुजला, कंबर इतकी धरली की उठून बसायला आधार लागायचा. मणक्याच्या क्षयरोगाची शंका आली. कोल्हापुरातल्या मोठ्या रुग्णालयात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी फाइल मिटून ठेवली आणि विचारलं, “घरी जनावरं किती? गेल्या वर्षात कुणी गाभडलं का?”

तीन महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला होता. त्याच आठवड्यात रक्ताची तपासणी झाली, ब्रुसेलाची प्रतिद्रव्यं भरपूर निघाली. क्षयरोग नाही याची खात्री करून सहा आठवड्यांचं डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन सुरू झालं. क्षयाची खात्री आधी करावीच लागते. रिफॅम्पिसिन हे क्षयाचंही मुख्य औषध आहे. क्षय असताना ते अपुऱ्या जोडीनं दिलं तर तो जंतू निर्ढावतो.

घरातल्या बाकीच्यांची तपासणी झाली. आजी आणि पोरं निर्दोष. सुनेची मात्र चाचणी पॉझिटिव्ह. तिची कंबर दोन महिने दुखत होती, पण ती भांगलणीनं दुखतेय म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं, तिनं स्वतःही नाही. शेणघाण, झाडलोट, संध्याकाळची धार सगळं तिच्याकडे. आजाराची नोंद पुरुषाची आधी होते आणि जनावराशी जास्त वेळ संबंध बाईचा येतो, हे आपल्या गोठ्यांचं जुनं गणित आहे.

दूध उकळा, पण हात?

कोल्हापुरात कच्च्या दुधाचा विषय निघाला की बोलणं शहरातल्या गंगावेशीच्या दूध कट्ट्याकडे वळतं. म्हैस समोर उभी, ग्लासात थेट धार, वर फेसाचा थर. लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस दिवसातून केव्हाही, रेडकू जवळ नसतानाही पान्हा सोडते, म्हणून हे शक्य होतं. पैलवानांच्या तालमींनी या दुधाला मान दिला आणि शहरानं तो जपला. धारोष्ण दुधातून ब्रुसेला येऊ शकतो. ७२ अंशांवर १५ सेकंद तापवलं तरी तो मरतो. घरी एक उकळी आणली की काम झालं. कट्ट्यावरच्या म्हशींची वर्षातून दोनदा तपासणी करून तसा फलक लावला तर कट्टा बंद करायची गरज नाही, असं मला वाटतं. बंदी घातली तर लोक गल्लीत जाऊन पितील.

पण या घरात दूध रोज उकळलं जात होतं. चहात, भातात, पोरांच्या पेल्यात, सगळीकडे उकळलेलंच. तरी दोघांना लागण झाली, कारण ती हातांवाटे आली. सरकारी पत्रकांवर दूध उकळण्याचा सल्ला ठळक असतो आणि हातमोज्यांचा उल्लेख तळाला. पिणाऱ्यासाठी तो क्रम बरोबर आहे, पाळणाऱ्यासाठी उलटा हवा.

इतिहासात हा रोग पहिल्यांदा कळला तोही स्वयंपाकघराच्या वाटेनं. १८८७ मध्ये माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस यांनी मेलेल्या सैनिकांच्या शरीरात जंतू शोधला, पण तो येतो कुठून हे कळायला १९०५ उजाडलं. थेमिस्टोक्लीस झामित यांना तो धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या रक्तात सापडला. पुढच्या वर्षी छावणीतलं शेळीचं दूध बंद केलं आणि सैनिकांमधला ताप झपाट्यानं ओसरला. औषध अजून कुणालाच माहीत नव्हतं.

तीन वह्या

आता त्या वह्यांकडे. पहिली प्राथमिक आरोग्य केंद्राच्या उपकेंद्रातली. आशाताईंनी फेब्रुवारीच्या ताप सर्वेक्षणात थोरल्याचं नाव लिहिलं होतं: ताप, रक्तनमुना घेतला, हिवताप नाही. विषय संपला. दुसरी पशुवैद्यकीय दवाखान्यातली. मार्चमध्ये दुसरी म्हैस गाभडल्यावर घरानं शेवटी दवाखाना गाठला, तिथे ‘गर्भपात, सातवा महिना, औषधोपचार’ अशी एक ओळ आहे. तिसरी दूध संस्थेची. तिच्यात सगळ्यात जास्त माहिती. जानेवारीच्या मध्यावर खातं अचानक अर्ध्यावर आलं, मार्चमध्ये जवळजवळ शून्यावर. सचिवाला कारणही माहीत होतं, कारण संस्थेच्या रांगेत सकाळ-संध्याकाळ दुसरं बोलणं काय असतं? कुणाची व्याली, कुणाची आटली, कुणाची गाभडली.

आरोग्य केंद्र आणि पशुवैद्यकीय दवाखाना त्या वेळी दोन्ही जिल्हा परिषदेचेच. साहेब वेगळे, तक्ते वेगळे, बैठका वेगळ्या. २०२२ च्या पावसाळ्याअखेरीस लम्पी आला तेव्हा हीच यंत्रणा किती वेगानं धावली, हे सगळ्यांनी पाहिलं: बाजार बंद, लसीकरण, गोठ्यागोठ्यात फवारणी. लम्पीच्या गाठी रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसतात. ब्रुसेला दिसत नाही. गाभडलेलं जनावर पुढच्या वेताला बहुतेकदा नीट वितं, त्यामुळे मालकाला वाटतं बरं झालं. ते जंतू सोडतच राहतं.

म्हणून मी संस्थेचं दार म्हणालो. आरोग्य केंद्रात माणूस आजारी पडल्यावर जातो, दवाखान्यात जनावर अडल्यावर. संस्थेत गाव दिवसातून दोनदा जातं, आणि तिथली नोंद पैशाची असल्यामुळे चुकत नाही. दूध अचानक घटलं तर कारण लिहा, एवढा एक रकाना त्या वहीत वाढवला की तिसरी वही पहिल्या दोघींना हाक मारू शकते.

काय झालं आणि काय अडलं

मेमध्ये पशुवैद्यांनी गोठ्यातल्या तीन मोठ्या म्हशींचं रक्त घेतलं. रोज बेंगाल चाचणी साधी असते. पांढऱ्या प्लेटवर रक्तद्रवाचा थेंब, शेजारी गुलाबी द्रवाचा थेंब, दोन्ही मिसळायचे आणि चार मिनिटं प्लेट हलवत राहायची. गुलाबी द्रवात दाणे धरले की पॉझिटिव्ह. बाजारातून आणलेल्या म्हशीच्या थेंबात मिनिटभरातच दाणे धरले. जुनीच्याही. तिसरी भाकड होती, तिचा थेंब स्वच्छ राहिला. सहा महिन्यांच्या पारडीला एस-१९ लस दिली. ही लस चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना आणि पारड्यांना आयुष्यात एकदाच देतात. २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ती मोफत आहे. जिवंत जंतूंची असल्यामुळे गाभण जनावराला चालत नाही, आणि देणाऱ्यालाही सुई टोचली तर लागण होऊ शकते. चष्मा आणि हातमोजे घालूनच द्यायची.

संस्थेनं दोन गोष्टी केल्या. वहीत रकाना वाढवला, आणि लांब बाह्यांचे प्लास्टिकचे हातमोजे पेंडीच्या पोत्याशेजारी विक्रीला ठेवले. पहिल्या महिन्यात ते तसेच पडून होते. मग सचिवानं व्यायला झालेल्या म्हशीच्या मालकाला बिलाबरोबर एक जोड फुकट द्यायला सुरुवात केली, तेव्हा ते वापरात आले. गावाच्या एकत्रित दुधाची तपासणीही सुचवली गेली. दुधाची रिंग चाचणी स्वस्त आहे, पण ती गाईच्या दुधासाठी बसवलेली. म्हशीच्या दुधावर तिचा निकाल जपून वाचावा लागतो. म्हणून प्रयोगशाळेत होणारी एलायझा ही प्रतिद्रव्यांची चाचणी बरी. तिचा खर्च संस्थेनं उचलायचा की संघानं, हे ठरलेलं नाही.

आशाताईंच्या ताप सर्वेक्षणात आता एक जादा प्रश्न आहे, तोच त्या डॉक्टरीणबाईंचा. याला कुठल्याही आदेशाची गरज पडली नाही. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी पशुवैद्यांचा नंबर आशाताईंच्या गटात टाकला, झालं.

अडलं ते पॉझिटिव्ह म्हशींपाशी. पुस्तकातलं उत्तर आहे, तपासा आणि काढून टाका. पण काढून टाकलेल्या जनावराची भरपाई या शेतकऱ्याला कुठून मिळणार? संस्थेची उचल डोक्यावर होती. बाजारात नेऊन विकली असती तर पैसे मिळाले असते आणि रोग दुसऱ्या गोठ्यात गेला असता. बहुधा त्या म्हशीचा आधीचा मालकही असाच सुटला होता. राज्यात २०२४ पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्रीला मनाई आहे, पण बिल्ला जनावराची ओळख सांगतो, रक्ताचा निकाल नाही. जोवर भरपाई नाही तोवर लोक तपासणीलाच नको म्हणतील, आणि त्यांना दोष देणं मला जमत नाही. या घरानं मधला मार्ग काढला. दोन्ही म्हशी गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला, वेगळी दावण, वेगळं पाणी, दूध सगळं संघाला, जिथे ते पाश्चराइज होतं, आणि विताना हातमोजे व पशुवैद्य. हा मार्ग निर्धोक नाही. तो परवडणारा आहे एवढंच.

थोरल्याचा ताप गेला. कंबर थंडीत अजून धरते, ऊस भरायचं काम त्यानं सोडलं. सुनेनंही सहा आठवड्यांचा कोर्स पुरा केला. जुनी म्हैस पुढच्या वेताला नीट व्याली. जार पडली ती पोत्यात न भरता चुना टाकून खड्ड्यात पुरली. खड्डा ग्रामपंचायतीनं गायरानात खणला होता. गायरान ओढ्यापेक्षा उंचावर असूनही पावसाळ्यात त्यात पाणी भरलं. तो माळावर हलवायचा ठराव ग्रामसभेत मंजूर झाला आहे. नवी जागा कुणाच्या बांधाला लागून घ्यायची, यावर अजून बोलणं चालू आहे.